हातांचा डेटा कॉल

ज्या माणसाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्याचा टेलिफोन लाइनसाठी अर्ज आला. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलून तो दोनदा वाचला आणि माझ्या टेबलावर सरकवला.

"घंटी वाजलेली ह्यांना कळणार कशी, ते अर्जात लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "ठेवा तुमच्याकडे. आयएसडीएन आपणच बघता ना?"

आयएसडीएन, म्हणजे डिजिटल लाइनचं काम, मीच बघत होते. नव्या शतकाची पहिली वर्षं होती ती. ब्रॉडबँड घरोघरी आलेलं नव्हतं, इंटरनेट म्हणजे मोडेमची शिट्टी आणि मग वाट बघणं. ज्यांना त्याहून खात्रीचं काही हवं असायचं, ते आमच्याकडून डिजिटल लाइन घ्यायचे. एक्स-रे दुसऱ्या गावी पाठवणारे एखादे डॉक्टर, जाहिरातीची पानं पाठवणारे छापखानेवाले, ध्वनिमुद्रणाचा एखादा स्टुडिओ. मूठभर गिऱ्हाइकं, आणि त्यांची काळजी घेणारी मी एकटी.

मी खात्यात लागले होते ट्रंक बोर्डावरची ऑपरेटर म्हणून. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे हॅलो एकमेकांना जोडून द्यायचे. पुढे परीक्षा देऊन स्विचरूममध्ये आले आणि पहिले काही महिने मला पाण्याखाली गेल्यासारखं वाटत राहिलं. अर्धं शहर त्या गार खोलीतून बोलत असतं, आणि तिथे उभं राहिलं तर एक शब्द कानावर पडत नाही. कपाटांच्या लांब रांगा, त्यांच्यावर बारीक हिरवे दिवे. दुपारी एकटी त्या रांगांमधून चालताना मला वाटायचं, मी कुणाच्या तरी झोपेतून चालले आहे, आणि पाय वाजला तर ते माणूस जागं होईल.

अर्जदार दोन दिवसांनी स्वतः आले. पन्नाशीचे, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेली, बोटांच्या टोकांना वाळलेली खळ. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या गल्लीत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. वकिलांचे जाडजूड ग्रंथ, वाघोलीकडच्या कॉलेजांतले काळ्या रेक्झिनचे प्रबंध, सगळं त्यांच्या हातून जायचं. बरोबर त्यांची वीस-एकवीस वर्षांची मुलगी होती. ती त्यांच्यासाठी बोलायची. म्हणजे त्यांचे हात बघायची आणि आम्हाला सांगायची.

"मॅडम, अब्बांना ऐकायचं नाहीये," ती म्हणाली. "बघायचंय."

तिची फुफी, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, हैदराबादला दिलेली होती. तीही जन्मतः बहिरी. फुफीचा मुलगा तिकडे एका कंपनीत होता. कंपनीने जुने म्हणून काढून टाकलेले व्हिडिओफोनचे दोन संच त्याने मिळवले होते. एक त्याने घरी ठेवला, दुसरा मामाकडे पाठवून दिला. छोटा पडदा, वर कॅमेरा. हैदराबादची लाइन लागलेली होती. आता पुण्याची हवी होती.

"पण पत्रं लिहीत असतील ना दोघं?" मी विचारलं.

मुलीने वडिलांना विचारलंच नाही. ती स्वतःच म्हणाली, "लिहिणं वेगळं मॅडम. त्यांची भाषा हातांची आहे. लिहिलेलं म्हणजे त्यांना परक्या भाषेत बोलल्यासारखं होतं. शिवाय अकरा वर्षं ते दोघं बोललेलेच नाहीत."

वडील माझ्याकडे बघत होते. मुलगी काय सांगते आहे हे त्यांना कळलं असावं. त्यांनी नजर खाली घेतली.

पुढचं मुलीनेच सांगितलं. तिची आजी हैदराबादला लेकीकडे गेली असताना आजारी पडली आणि तिथेच वारली. इकडे तार आली ती फार उशिरा. अब्बा पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. घर माणसांनी भरलेलं, बहीण भिंतीला टेकून बसलेली. ह्यांनी तिला एकच विचारलं, आधी का कळवलं नाहीस? तिचे हात उचललेच गेले नाहीत. हे तसेच परत निघाले, आणि त्यानंतर त्या घरात त्यांनी पाऊल ठेवलं नाही.

मी अर्जावर सही केली.

आठवड्याभरात तार ओढून झाली, भिंतीवर पांढरी डबी बसली. दुकान खाली आणि घर वर. वरच्या खोलीत खिडकीशेजारी व्हिडिओफोन ठेवला होता. जोडणी तपासायला मी स्वतः गेले. बांधणीकार माझ्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष देऊन बघत होते. मग त्यांनी मुलीला काहीतरी विचारायला सांगितलं.

"अब्बा म्हणतायत, हात तारेतून जातात कसे?"

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला असं विचारलं नव्हतं. मी जमिनीवरच बसले. नेहमीच्या फोनमध्ये काय होतं ते आधी सांगितलं. आवाज एक्स्चेंजमध्ये पोचला की सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो, आणि प्रत्येक मोजमापाचा एक छोटा आकडा होतो. प्रत्येक कॉलला रांगेत आपली एक जागा मिळते. कॉल चालू असेपर्यंत ती जागा त्याचीच, दुसरं कुणी तिथे घुसू शकत नाही. दोन गावांमधल्या प्रत्येक एक्स्चेंजमध्ये ती जागा अशी धरून ठेवलेली असते. फोन ठेवला की ती सुटते, जणू कधी नव्हतीच.

"आणि अर्जावर लिहिलाय तो डेटा कॉल?" मुलीने विचारलं.

"डेटा कॉलमध्ये तेच आकडे, पण आवाजाचे नाहीत. तुमचा संच चित्राचेच आकडे करतो आणि थेट त्या जागांवर ठेवतो. एक जागा पुरत नाही म्हणून तो एकदम दोन कॉल लावतो आणि पलीकडे दोन्ही जुळवून घेतो. आणि कॉल लावताना तो आधी, एका वेगळ्या बारीक वाटेने, एक्स्चेंजला निरोप देतो की ह्यात बोलणं नाही. एरवी आम्ही आवाज सुधारतो, घुमणं काढून टाकतो. ह्या कॉलमध्ये तसं काही करायचं नाही. आलं तसं पुढे द्यायचं."

मुलीचे हात बराच वेळ चालत राहिले. वडिलांनी शेवटी मान हलवली आणि काहीतरी म्हटलं. ती हसली.

"म्हणतात, असे लोक कमी असतात. आलं तसं पुढे देणारे."

पहिला कॉल त्यांनी मी गेल्यानंतर लावला. माझ्यासमोर नको, असं त्यांना वाटलं असावं. दोन्ही कॉल जुळल्याचं मला एक्स्चेंजमध्ये माझ्या पडद्यावर दिसलं. पुणे आणि हैदराबाद यांच्यामध्ये दोन जागा धरल्या गेल्या होत्या. आतलं काही मला दिसत नव्हतं. मी चहाचा कप हातात घेऊन त्या दोन ओळींकडे बघत बसले. वीस मिनिटांनी त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी एकटीच आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"चित्र तुटतं मॅडम. मध्येच सगळं थिजतं, मग चौकोन चौकोन दिसतात, आणि थोड्या वेळाने परत नीट होतं. काल फुफी अम्मीजानचं सांगायला लागली. म्हणजे दादीचं. तिने खूण केली, अम्मी. मग, तू. मग, नको. आणि तिथेच चित्र थिजलं. फुफीचा हात तसाच पडद्यावर. नको, नको, नको. अब्बा ते बघत राहिले. परत चालू झालं तेव्हा ती दुसरंच काही सांगत होती."

"मग विचारलं नाही पुन्हा?"

"अब्बांनी बटण दाबून बंद केलं. म्हणाले, कळलं मला. अम्मीला मी नको होतो."

ऑपरेटर असताना मी तुटलेले पुष्कळ कॉल ऐकले होते. लोक ओरडायचे, पुन्हा लावायचे, हसायचेसुद्धा. अर्धवट राहिलेलं वाक्य असं कुणाच्या छातीत जाऊन बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "अब्बांना सांग, ते वाक्य पुरं झालेलं नाही. मध्ये आमची मशिनं आहेत. मला शोधू दे."

ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी तक्रार सांगितली. ते म्हणाले, "आवाजाची एकही तक्रार नाही. अख्खं शहर बोलतंय. गिऱ्हाइकाच्या भंगारातल्या संचाचा दोष असेल."

तसं असू शकत होतं. मी संच तपासला, डबी बदलली, तार मोजली. सगळं ठीक. चार दिवस गेले. बांधणीकारांनी पुन्हा कॉल लावायला नकार दिला होता. मुलगी म्हणाली, ते वर जातच नाहीत, खाली फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत बसतात.

पाचव्या दिवशी ते स्वतः एक्स्चेंजवर आले. हातात पुठ्ठ्याची एक लांब पट्टी. तिच्यावर पेन्सिलच्या रेघा होत्या, एकीपासून दुसरी अगदी सारख्या अंतरावर.

"वाक्य पुरं झालेलं नाही, हे तुमचं अब्बांच्या मनातून जाईना. काल रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी कॉल लावला," मुलगी म्हणाली. "फुफीला सांगितलं, काही बोलू नकोस, नुसते आकडे दाखव. ती बोटांवर मोजत राहिली आणि अब्बा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, चित्र तुटलं की रेघ मारत. दर वेळी तेवढीच सेकंदं."

ते हातांनी मला काहीतरी दाखवत होते. दोन्ही हात एका कल्पित टेबलाभोवती फिरत होते, काहीतरी उचलत, एकावर एक ठेवत.

"पुस्तकाचे फर्मे गोळा करताना दोन माणसं लागतात," मुलगी त्यांचं बोलणं सांगत होती. "एक ठेवतो, एक उचलतो. ठेवणारा थोडा जरी भरभर असला, तरी काही वेळाने एक फर्मा सुटतो. मग पुन्हा सगळं ठीक चालतं. मग पुन्हा एक सुटतो. तेवढ्याच वेळाने. अब्बा म्हणतात, तुमच्याकडे कोणीतरी एक फर्मा सोडतंय."

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. घड्याळ! एक्स्चेंजना आपापलं घड्याळ चालवून भागत नाही. सगळ्यांनी वरच्या, मोठ्या एक्स्चेंजमधल्या एका घड्याळाशी पाऊल जुळवायचं असतं. एखादं एक्स्चेंज मनाने चालू लागलं, केसभर जरी पुढे गेलं, तर दर काही सेकंदांनी रांगेतला एक घास गळतो. बोलण्यात त्याची फार तर बारीक टिकटिक ऐकू येते, लोक ती विसरून जातात. चित्राच्या आकड्यांना ते चालत नाही. त्यांचा जोडच निखळतो.

मी वडिलांना खुर्ची दिली, मुलीला म्हटलं, "बसा दोघंही," आणि आत गेले. अलार्मच्या पॅनेलवर घड्याळाचा पिवळा दिवा लागलेला होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याचा बझर बंद केलेला होता आणि दिव्यावर कुणीतरी चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. वरून येणाऱ्या घड्याळाची जोडणी दुरुस्तीच्या वेळी काढली होती आणि पुन्हा लावलीच नव्हती.

मी ज्येष्ठ सहकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी चिकटपट्टी काढली, दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही पट्टी मीच लावली होती. डोळ्यांवर यायचा."

त्यांनी पट्टीची गोळी करून खिशात टाकली.

"बाहेर बसलेत ते?"

"हो."

ते बाहेर गेले. मी दारातून बघितलं. ते बांधणीकारांसमोर उभे राहिले. एरवी शब्दाला शब्द लावणारा माणूस, पण इथे शब्दांचा उपयोग नव्हता. त्यांनी दोन्ही हात जोडले. बांधणीकार उठून उभे राहिले, त्यांनी ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि खाली केले.

जोडणी दुसऱ्या दिवशी पहाटे, रहदारी कमी असताना, आम्ही दोघांनी मिळून केली. घड्याळ लगेच जुळत नाही. ते हळूहळू, वाहत्या पाण्यात पोहणारा माणूस काठाशी येतो तसं, वरच्या घड्याळाच्या जवळ येतं. आम्ही पडद्यासमोर शेजारी शेजारी उभे राहून तो फरक कमी होताना बघत होतो. बाहेर उजाडत होतं, रस्त्यावरून दुधाच्या गाड्या जात होत्या. साडेसहाला पिवळा दिवा गेला.

"जा तुम्ही," सहकारी म्हणाले. "मी इथे बसतो. मध्ये कोणी हात लावणार नाही."

रविवार पेठेत पोचले तेव्हा दुकानांची फळकुटंसुद्धा उघडली नव्हती. मुलीने दार उघडलं. बांधणीकार वरच्या खोलीत आधीपासून बसलेले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी कोपऱ्यात, दाराशी बसले. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर एक बाई आली. डोक्यावरून पदर, नाक भावासारखं. तिने आधी काहीच खूण केली नाही. नुसतं बघत राहिली. एक मिनिट गेलं. चित्र थिजलं नाही. दुसरं मिनिट गेलं.

मग तिने तीच खूण केली. मुलगी माझ्या कानाशी हळूच सांगत होती. अम्मी. तू. नको. आणि हात थांबला नाही, पुढे गेला.

"अम्मी म्हणाली, तुला इतक्यात कळवायला नको," मुलगी कुजबुजली. "तो काम टाकून धावत येईल. पोरीला गोवर आलाय त्याच्या. मी दोन दिवसांत उठून बसेन, मग कळव. पोर म्हणजे मी, मॅडम. मला गोवर आला होता तेव्हा."

त्यानंतर ती फारसं सांगू शकली नाही. मला विचारायची गरजही वाटली नाही. पुढे तिने मला थोडक्यात सांगितलं ते एवढंच की शेवटच्या दोन दिवसांत आजीची वाचा गेली होती. घरातल्या बाकीच्यांना तिचं काही कळेना. ती फक्त ह्या बहिऱ्या लेकीशी बोलत राहिली, हातांनी, दोन्ही मुलं लहान असताना तिने त्यांच्यासाठी घरीच ज्या खुणा बनवल्या होत्या त्या खुणांनी. ते ऐकणारं, म्हणजे बघणारं, त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि दफनानंतर भाऊ समोर उभा राहिला तेव्हा बहिणीला वाटलं होतं, हात उचलले तर त्यांतून अम्मी निघून जाईल.

त्या खोलीत उन्हाची एक पट्टी जमिनीवरून पुस्तकांच्या थप्पीवर चढत गेली. कसलाच आवाज नव्हता. चार हात तेवढे हलत होते, दोन खोलीत आणि दोन काचेच्या आत, आणि मधल्या शेकडो मैलांत कुठेही काही गळत नव्हतं. मी किती वेळ बसले होते, सांगता येत नाही. मधूनच दोघं हसली. एकाच वेळी, एकाच खुणेवर. मी मुलीकडे बघितलं.

"खडकवासला," ती डोळे पुसत म्हणाली. "लहानपणी धरणावर अब्बांच्या हातातलं कणीस पाण्यात पडलं होतं. त्यांच्याकडे त्या जागेसाठी तीच खूण आहे. कणीस पडलं."

पुढच्या वर्षी त्या मुलीचं लग्न झालं. फुफी पुण्याला आली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर एक्स्चेंज बघायला आली. कॉल कुठून जायचा ते तिला बघायचं होतं. परवानगी सहकाऱ्यांनीच काढली, आणि कधी नव्हे ते दारात उभे राहिले. ती कपाटांच्या रांगांमधून हळूहळू चालली. एका ठिकाणी थांबून तिने तळवा कपाटाच्या पत्र्यावर ठेवला. मग भावाला बोलावलं. त्यानेही ठेवला. आतल्या पंख्यांची थरथर त्यांना जाणवत असावी. दोघं डोळे मिटून तशीच उभी होती. मीही हात ठेवला. इतकी वर्षं तिथे काम करून मी ते कधी केलं नव्हतं.

ती लाइन दहा-बारा वर्षं चालली. मग सगळ्यांच्या हातात पडद्याचे मोबाइल आले आणि त्यांनी ती परत केली. सहकारी निवृत्त झाले, मग मी झाले. आता तर स्विचरूममधली ती कपाटंही काढून नेली. गेल्या वर्षी एका कामासाठी गेले तेव्हा बघितलं, हॉल रिकामा आहे आणि फरशीवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उरले आहेत. आताचे कॉल जागा धरून ठेवत नाहीत. ते तुकडे होऊन मिळेल त्या वाटेने जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. चांगलं चालतं. मी तक्रार करत नाही.

बांधणीकार आता पंचाहत्तरीला आलेत, बहीण सत्तरीला. रोज दुपारी बोलतात. मुलगी कधीकधी मलाही त्या कॉलमध्ये जोडून घेते, आणि मग पडद्यावर आम्ही तीन चौकोनांत बसतो. ते मला गुडघे कसे आहेत विचारतात. त्याचं उत्तर द्यायला मी शिकले आहे, पण माझा हात दर वेळी थोडा खाली जातो, आणि त्या खुणेचा अर्थ म्हणे 'म्हैस' असा होतो. दोघं हसत सुटतात. मी पुन्हा करून दाखवते.